आधी मोटर वर घे

छगन देवरेचे कान मागांनी खाल्ले. उधन्याच्या एका कारखान्यात अठरा वर्षं तो यंत्रमाग चालवत होता. डावा कान पार गेला, उजवा निम्माशिम्मा उरला, आणि मालकाची हाक ऐकू येईना तेव्हा त्र्याण्णव साली तो कतारगामला आमच्या सोसायटीत रखवालदार म्हणून आला. घर आणि बायको मंगलाबाई डिंडोलीत. हा आठवडाभर आमच्या जिन्याखालच्या खोलीत राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी सायकल मारत घरी जायचा. बहिऱ्याला राखणीला ठेवणारी सबंध सुरतेत आपलीच एक सोसायटी असेल, असं मी कमिटीच्या मीटिंगमध्ये म्हणालो होतो. सगळे हसले. माझा स्वभावच तसा, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी बँकेत अधिकारी. मूळचा साताऱ्याचा, बदलीवर सुरतेला आलो आणि राहिलो. छगन आला त्याच वर्षी एक जुनी फियाट घेतली, दुधी रंगाची. घेतली खरी, पण गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात ती तीनदा रस्त्यात बंद पडली. तिसऱ्यांदा चार माणसांकडून ढकलत आणली, तेव्हा छगन छत्री घेऊन पुढे आला आणि न विचारता त्याने बॉनेट उघडलं. मागावर जायच्या आधी तो धुळ्याला एका ट्रकवर क्लीनर होता, हे मला तेव्हा कळलं.

"साहेब, गाडी पाण्यानं नही मरत," तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "ओलीनं मरते."

त्या दिवसापासून फियाट माझी राहिली ती नावापुरती. जून लागायच्या आत तो तिच्या खाली आडवा व्हायचा आणि जळकं ऑइल डिझेलमध्ये कालवून पोटाला ब्रशने फासायचा. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती मातीने बुजली की काचेवरून उतरलेलं पाणी दारातच साठतं आणि दार आतून सडतं. छगन सायकलच्या तारेने एकेक भोक मोकळं करायचा. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन, दारांच्या रबराला खोबरेल, पुढच्या काचेला चिमूटभर तंबाखू चोळायची म्हणजे पाणी धरत नाही. प्लास्टिक कधीच घालू द्यायचा नाही, गाडी आत घामेजते म्हणायचा. त्याने बांबू ठोकून वर ताडपत्री बांधली होती, चहूबाजूंनी वारा खेळेल अशी.

पायाखालचे गालिचे उचलून तिथे तो वर्तमानपत्रं पसरायचा, आणि त्यातही त्याची आवडनिवड होती. गुजराती पेपरची शाई लागते, मराठी पेपर ओल बरी ओढतो. मी म्हणायचो, "इथे मराठी पेपरचा एवढाच उपयोग उरलाय." डेल्कोचं टोपण, म्हणजे इंजिनातल्या ठिणग्या वाटून देणारी ती काळी वाटी, तो रोज सकाळी काढून पुसायचा. त्यासाठी गावाहून वडिलांचं जुनं धोतर आणलेलं होतं. रोज लाखो मीटर कापड विणणाऱ्या या गावात पाणी पुसायला एक चिंधी मिळत नाही, सगळं मेलं नायलॉन आणि पॉलिएस्टर, अशी त्याची तक्रार असायची. मग पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचा आणि उजवा कान बॉनेटला लावून उभा राहायचा. एवढ्या जवळून मात्र त्याला सगळं ऐकू यायचं. मी त्याला सोसायटीच्या आवारात गाडी पुढेमागे घ्यायला शिकवली. पुढे तो फाटकाबाहेर वळणापर्यंत नेऊन आणू लागला.

चार पावसाळे गाडी एकदाही बंद पडली नाही.

ही गाडी त्याला किती मोलाची होती, हे मला सत्त्याण्णव सालापर्यंत कळलं नाही. म्हणजे मी विचारलंच नाही. त्या वर्षी त्याच्या मुलीचं, चंचलचं लग्न झालं. मुलगा विसरवाडीच्या पुढच्या एका गावातला, घरी थोडी शेती. लग्न डिंडोलीत लागलं. नवरीला पाठवायला छगनने ज्याची गाडी ठरवली होती तो ऐनवेळी आलाच नाही. मी त्या वेळी साताऱ्याला होतो आणि माझी फियाट ताडपत्रीखाली उभी होती. किल्ली छगनच्याच खोलीत खिळ्याला टांगलेली होती, पण साहेबांना विचारल्याशिवाय कशी न्यायची म्हणून त्याने हात लावला नाही. शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोतून, कापडाच्या ताग्यांवर चादर टाकून, नवरी सासरी गेली. चंचलची सासू सखुबाई जिभेची तिखट. पहिल्याच दिवशी तिने सुनेचं नाव 'टेम्पोवाली' ठेवलं, आणि गावात ते चिकटलं.

खानदेशात मुलीला माहेरी आणायला जातो त्याला मुराळी म्हणतात. छगनने ठरवून टाकलं की चंचलला आणायला आपण मुराळी जायचं ते गाडी घेऊन, सखुबाईच्या ओट्यापाशी गाडी उभी करायची, नाहीतर जायचं नाही. "मी तिले गाडीमाच लई येसू," तो बायकोला म्हणायचा. मंगलाबाई कपाळाला हात लावायची. अहो, पोरगी एक वर्ष झालं माहेरी आली नाही, आगगाडी आहे, एसटी आहे. पण हा हटून बसलेला. मी त्याला हसलो. मनात मात्र ती खिळ्याला टांगलेली किल्ली मला टोचत होती.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात निरोप आला की चंचलला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तेव्हा मीच त्याला म्हणालो, "छगन, पावसाळा सरू दे. रस्ते नीट होऊ देत. दिवाळीला आपण दोघं गाडी घेऊन जाऊ. मी चालवतो, तू पुढे माझ्या शेजारी बस." तो दोन्ही हातांनी माझा हात धरून उभाच राहिला. मला अवघडल्यासारखं झालं, मी हात सोडवून घेतला.

त्या पावसाळ्यात त्याने गाडीला जे जपलं ते आईसुद्धा जपणार नाही. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा खानदेशातली माणसं असतील तिथून घरी जमतात. मंगलाबाई म्हणाली, आता तरी पोरीला आणा, पॅसेंजरने आणा. हा म्हणाला, दोन महिने थांब, साहेबांनी शब्द दिलाय. चंचललाही त्याने तेच लिहून कळवलं. चौथीपर्यंत शिकला होता, पत्र स्वतः लिहायचा.

सप्टेंबरच्या मध्यावर बँकेच्या ट्रेनिंगसाठी मी बडोद्याला होतो. वंदना, माझी बायको, माहेरी नाशिकला गेली होती. धरणातून पाणी सोडलंय, तापी फुगलीय, सुरतेत पाणी शिरतंय, अशी बातमी दुपारी आली आणि गाड्या बंद झाल्या. मी टेलिफोन बूथवर रांग लावून दुसऱ्या मजल्यावरच्या ठाकोरभाईंना फोन लावला. ते म्हणाले, कोपऱ्यापर्यंत पाणी आलंय, अजून फाटकाच्या आत नाही. मी म्हटलं, छगनला बोलवा. छगन धापा टाकत वर आला. फोन तो नेहमी उजव्या कानाला लावायचा.

"छगन," मी ओरडलो, "आधी मोटर वर घे! बाकी सगळं राहू दे, मोटर वाचली पाहिजे!"

"हा साहेब," तो म्हणाला आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्या साताऱ्याच्या घरी वडील गाडीला मोटर म्हणायचे. 'मोटर काढ', 'मोटर आली का'. मी स्वतः एरवी गाडीच म्हणतो, छगनशी बोलताना तर पाच वर्षांत कधी दुसरा शब्द वापरला नव्हता. पण घाबरल्यावर माणसाच्या तोंडातून लहानपणचा शब्द निघतो. वर घे म्हणजे मला म्हणायचं होतं, चढावरच्या रस्त्यावर ने, मंदिरापाशी लाव. आणि छगनला मोटर म्हणजे काय? त्याच्या गावाकडे मोटर असते ती विहिरीवरची, पाणी उपसणारी. आमच्या सोसायटीतही खालच्या खड्ड्यात पाण्याच्या टाकीची मोटर होती, आणि रोज सकाळी गॅलऱ्यांतून बायका ओरडायच्या, "छगनभाई, मोटर चालू करो!" त्याने त्या दुपारी तीच मोटर वाचवली.

ठाकोरभाईंनी मला नंतर सांगितलं. छगन फोन ठेवून खाली गेला आणि दोन मिनिटं नुसता गाडीजवळ उभा राहिला. मग पाना घेऊन खड्ड्यात उतरला. गंजलेले नट सुटेनात. खड्ड्यात पाणी भरायला लागलं तरी तो कमरेएवढ्या पाण्यात वाकून नट फिरवत होता. ते धूड खांद्यावर घेऊन तो तीन मजले चढला आणि गच्चीवर ठेवून खाली धावला. तोवर गाडीच्या सीटवर पाणी होतं. ठाकोरभाई म्हणाले, तो जिन्यात शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून गाडी बुडताना बघत होता. हाक मारली तरी उठला नाही.

चौथ्या दिवशी मी पोचलो. गल्लीत घोटाभर चिखल, लोक फावड्याने घरं उपसत होते. गाडीच्या काचेपर्यंत गाळाची रेघ होती. आत सीटवर मेलेला उंदीर. माझं डोकं फिरलं. सगळी सोसायटी बाहेर होती, आणि मी सगळ्यांदेखत छगनवर तुटून पडलो. बहिरा, नालायक, अक्कलशून्य, जे तोंडात आलं ते बोललो. "काय सांगितलं होतं मी तुला फोनवर? सांग! काय सांगितलं होतं?"

तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही बोलले, आधी मोटर वर घे. बाकी सगळं राहू दे." आणि त्याने गच्चीकडे बोट दाखवलं. "वर शे साहेब. सुकी शे."

माझ्या लक्षात आलं. त्याच घटकेला, लख्ख लक्षात आलं. स्वतःच्या लेकीची गाडी समोर उभी असताना माझा शब्द मोडायचा नाही म्हणून तो खड्ड्यात उतरला होता. माझं चुकलं, असं तिथेच म्हणायला हवं होतं, दोन शब्द लागले असते. पण ठाकोरभाई बघत होते, कमिटीची माणसं बघत होती, आणि इतका वेळ ओरडल्यावर आता माघार कशी घ्यायची? मी खोटं बोललो. मी म्हणालो, "गाडी म्हणालो होतो मी. गाडी!"

छगन माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हात हळूच उजव्या कानाकडे नेला.

"बिचाराना कान गयेला छे," ठाकोरभाई हळहळून म्हणाले.

"असं व्हई साहेब," छगन म्हणाला. "तुम्ही गाडी बोलले असणार. मना कानच कामातून गया." आणि त्याने सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या आत तो कामाला लागला होता. मला म्हणाला, किल्लीला हात लावू नका, सेल्फ मारला तर इंजिन जाईल. त्याने प्लग काढले, आत डिझेल ओतलं आणि हॅंडल घालून इंजिन हाताने फिरवत राहिला, पाणी निघेपर्यंत. खालचं ऑइल सोडलं ते दुधाच्या चहासारखं निघालं. सीटा उपटून गच्चीवर नेल्या. दारांची अस्तरं काढली, आतला गाळ चमच्याने खरवडला. हे दहाबारा दिवस चाललं. दिवसभर तो अनवाणी त्या सडक्या चिखलात उभा असायचा. पावलांना काचा लागून चिरा पडल्या होत्या. वंदना आली होती, ती म्हणाली, "छगनभाऊ, अहो पायात काहीतरी घाला." तो म्हणाला, "ताई, दिवाळीले किती दिवस राहिले?"

मी रोज ठरवायचो की आज सांगायचं. सकाळी चहा घेऊन खाली जायचो, आणि त्याच्याशी प्लगबद्दल बोलून वर यायचो. म्हटलं, जाताना गाडीत सांगू. विसरवाडीपर्यंत तीनचार तास दोघंच असू, तेव्हा निवांत सांगू.

नवरात्राच्या शेवटी गाडी चालू झाली. पहिल्या झटक्यात. छगनने उजवा कान बॉनेटला लावला, आणि मग मान हलवून म्हणाला की काही कळत नाही, साहेब, तुम्हीच ऐका. पूर्वी कान लावताच त्याला सगळं कळायचं. आता त्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वासच गेला होता, आणि तो मी घालवला होता.

दसऱ्याला त्याने गाडीला झेंडूची माळ बांधली, तेव्हाच त्याला थंडी वाजत होती. दुसऱ्या दिवशी ताप चढला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, मग डोळे पिवळे झाले. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पूर ओसरला की या भागात हा ताप येतोच. उंदरांचं मूत मिसळलेलं पाणी पायाच्या जखमेतून आत जातं. मी भेटायला गेलो तेव्हा मंगलाबाई उशाशी बसली होती. छगनने डोळे उघडले आणि म्हणाला, "रोज पाच मिनिटं चालू करत जा साहेब. उभी ठेवू नका."

मी वाकलो आणि त्याच्या कानाशी म्हणालो, "छगन, तू बरोबर ऐकलं होतंस."

"काय?" त्याने कानामागे हात धरला.

मोठ्याने सांगायला हवं होतं. खाटेखाटेपाशी माणसं होती, पलीकडे सोसायटीतले दोघं उभे होते. मी म्हणालो, "काही नाही. पडून राहा." दोन दिवसांनी तो गेला.

मंगलाबाई रडली नाही. कोरड्या आवाजात मला म्हणाली, "साहेब, चंचलले आणायले गाडी न्या. त्यानी सांगेल व्हतं, गाडीच न्या. पण तिले तठे सांगू नका. सातवा महिना सरत आला. घर येऊ द्या, मग मी सांगसू." अशा वेळी मुलीला वाटेत कळू द्यायचं नसतं, आजारी आहे एवढंच सांगायचं असतं. मी मान डोलावली आणि एकटा निघालो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. गाडी कुठे अडखळली नाही.

गावात शिरलो तशी पोरं मागे धावू लागली. छगनने पत्ता इतक्यांदा सांगितला होता की कोणाला विचारावं लागलं नाही. लिंबाच्या झाडासमोरचा ओटा, ओट्यावर डाळ पाखडणारी एक बाई. तीच सखुबाई. तिने गाडीकडे बघितलं, सूप खाली ठेवलं आणि घराकडे तोंड करून ओरडली, "चंचल, वं चंचल! तुना बाप गाडी लई उना!"

चंचल पिठाच्या हातांनीच बाहेर आली. पोट सावरत, हसत. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन ती वाकली आणि माझ्या शेजारच्या सीटवर बघितलं. मग मागच्या सीटवर. मग मी आलो त्या रस्त्यावर लांबवर.

"नाना कोठे शेतस?"

"घरी," मी म्हणालो. "जरा ताप आहे. मला पाठवलं."

सखुबाईने आतून हळदकुंकू आणलं, बॉनेटवर पाच बोटं ओढली आणि चाकापाशी नारळ फोडला. आसपासच्या बायका गोळा झाल्या. "इहीणबाईले सांगज्या," ती मला म्हणाली, "आमनी सून गाडीमा गयी." चंचलचा चेहरा इतका उजळला होता की मला तिच्याकडे बघवेना. ती पुढेच बसली, छगन जिथे बसणार होता तिथे.

नवापूर मागे पडेपर्यंत ती बोलत होती. डॅशबोर्डवरून हात फिरवत होती, काच खालीवर करून बघत होती. मग म्हणाली, "साहेब, नानांचं पत्र आलं होतं. माझ्या बहिऱ्या कानामुळे साहेबांची गाडी बुडाली म्हणे. फार लागलं होतं त्यांच्या मनाला. तुम्ही लई रागावले का हो त्यांच्यावर?"

रस्ता मोकळा होता. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. इतके दिवस जे सांगायचं राहिलं होतं ते मी एकदाचं बोलून टाकलं.

"त्यांची चूक नव्हती, पोरी. चूक माझी. मी मोटर म्हणालो, आणि त्यांनी मोटर ऐकलं. मग मीच खोटं बोललो. तुझ्या नानांनी अगदी बरोबर ऐकलं होतं. त्यांचा उजवा कान चांगला होता."

काचेवरचा तिचा हात थांबला. ती माझ्याकडे वळली.

"व्हता?" ती म्हणाली.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.